स्फोट, वर्तमानपत्र आणि मतपेटी

२ जून १९१९ ची रात्र. अमेरिकेतील आठ शहरांत जवळजवळ एकाच वेळी बाँबस्फोट झाले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये देशाचे अॅटर्नी जनरल ए. मिचेल पामर यांच्या घराचा दर्शनी भाग उद्ध्वस्त झाला. समोरच राहणारे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि त्यांच्या पत्नी काही क्षणांपूर्वीच त्या रस्त्यावरून घरी परतले होते. न्यूयॉर्कमध्ये एका रखवालदाराचा बळी गेला. फिलाडेल्फियात ज्या वास्तूंना लक्ष्य करण्यात आले, त्यांत विजयमाता मरियेच्या नावाचे एक कॅथलिक चर्चही होते.

हे स्फोट घडविणारे लुईजी गालेआनी या इटालियन अराजकवाद्याचे अनुयायी होते. शासन, भांडवल आणि चर्च ही तिन्ही त्यांच्या लेखी माणसाला गुलाम करणारी साधने होती. १९१६ च्या फेब्रुवारीत शिकागोचे नवे आर्चबिशप जॉर्ज मंडेलाइन यांच्या स्वागताच्या मेजवानीत याच पंथाच्या एका आचाऱ्याने सूपमध्ये विष कालवले होते. शंभराच्या आसपास पाहुणे आजारी पडले. देवाची कृपा म्हणून कोणी दगावले नाही. त्याआधी, १९१५ साली, न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये बाँब ठेवण्याचा अराजकवाद्यांचा प्रयत्न पोलिसांनी हाणून पाडला होता. सारांश, ही माणसे कॅथलिक ख्रिस्तसभेची उघड शत्रू होती.

असे असूनही पाचच वर्षांनी, १९२४ साली, अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांसाठी आपले दार जवळजवळ लावून घेतले, तेव्हा ते प्रामुख्याने कोणाच्या तोंडावर लागले? इटली आणि पोलंडमधील कॅथलिक शेतकरी-मजुरांच्या, आणि पूर्व युरोपातून जीव मुठीत धरून निघालेल्या यहुद्यांच्या. ज्यांच्या चर्चवर बाँब पडला, त्यांनाच बाँब फेकणाऱ्यांच्या पंक्तीला बसविण्यात आले. हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की स्फोटाचा आवाज आणि मतपेटी यांच्या मधोमध उभे असलेले वर्तमानपत्र आपल्या दृष्टीस पडते.

नाव परके, म्हणून माणूस परका

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेऊ. १९०१ ते १९१० या दहा वर्षांत सुमारे ८८ लाख माणसे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. त्यांत एकट्या इटलीतून आलेले वीस लाखांहून अधिक होते. जुन्या, प्रामुख्याने प्रॉटेस्टंट रहिवाशांना ही नवी माणसे वेगळी वाटत. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, उपासना वेगळी. कमी मजुरीवर ती राबत, म्हणून कामगार संघटनांनाही ती नकोशी वाटत. अस्वस्थतेचे कोरडे गवत असे आधीच साचले होते. बाँबने फक्त ठिणगी टाकली.

६ सप्टेंबर १९०१ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि आठ दिवसांनी त्यांचे निधन झाले. मारेकरी लिऑन चोल्गोश हा अराजकवादी होता. त्याचे आईवडील पोलंडमधून आलेले. तो स्वतः मात्र अमेरिकेतील मिशिगन राज्यात जन्मलेला, तेथेच वाढलेला. परंतु त्याचे आडनाव वाचताना इंग्रजी वाचकाची जीभ अडखळे आणि तेवढ्याने तो परका ठरला. १९०३ साली अमेरिकन संसदेने परदेशी अराजकवाद्यांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. गंमत अशी, की हा कायदा आधीपासून अस्तित्वात असता, तरीही चोल्गोशला तो अडवू शकला नसता. त्याला कोणत्याही बंदरावर उतरावेच लागले नव्हते!

या प्रसंगात पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. गुन्हा एकाचा, नाव एका समाजाचे, आणि शिक्षा त्या समाजातील अजून न आलेल्या माणसांना.

लाल भीतीचे वर्ष

१९१९ हे वर्ष अमेरिकेला विलक्षण धास्तीचे गेले. महायुद्ध संपले होते, महागाई भडकली होती, चाळीस लाखांच्या आसपास कामगार त्या वर्षात कधी ना कधी संपावर गेले. रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली होती आणि तीच आग येथेही पोहोचणार असे अनेकांना वाटू लागले होते. एप्रिलच्या अखेरीस देशभरातील नामवंतांच्या नावे टपालाने छत्तीस बाँब पाठविण्यात आले. त्यांतील सोळा पुडकी पुरेशी तिकिटे न लावल्यामुळे न्यूयॉर्कच्या टपाल कचेरीतच अडकून पडली आणि एका दक्ष कारकुनामुळे उघडकीस आली. जॉर्जिया राज्याचे माजी सिनेटर थॉमस हार्डविक यांच्या घरी पोहोचलेल्या पुडक्याने मात्र ते उघडणाऱ्या मोलकरणीचे हात गेले. त्यानंतर महिन्याभराने २ जूनची ती रात्र उगवली.

पामर यांच्या घराशी बाँब लावणारा माणूस त्याच स्फोटात मरण पावला. त्याच्या अवशेषांजवळ एक इटालियन-इंग्रजी शब्दकोश सापडला. नव्या देशाची भाषा शिकू पाहणाऱ्या कोणाही इटालियन मजुराच्या खिशात असा कोश सापडला असता. त्या रात्रीनंतर मात्र खिशातला शब्दकोशही संशयाला पुरेसा ठरू लागला.

पामर यांनी धरपकड सुरू केली. २१ डिसेंबर १९१९ रोजी ‘ब्युफोर्ड’ नावाच्या जहाजातून २४९ जणांना रशियाकडे रवाना करण्यात आले. वर्तमानपत्रांनी त्या जहाजाला ‘सोव्हिएत तारू’ असे नाव दिले. २ जानेवारी १९२० च्या रात्री तीसहून अधिक शहरांत छापे पडले. सभागृहांतून, घरांतून, खानावळींतून हजारो माणसे उचलण्यात आली. पुष्कळांजवळ त्यांना पकडण्याचा हुकूमही नव्हता. पुढे मजूर खात्याचे सहायक सचिव लुई पोस्ट या वृद्ध गृहस्थांनी एकेक फाईल उघडून वाचली आणि दीड हजारांहून अधिक हद्दपारीचे हुकूम पुराव्याअभावी रद्द केले. त्याबद्दल त्यांच्यावर महाभियोग आणण्याची धमकी देण्यात आली. संसदेच्या समितीपुढे ते निर्भयपणे उभे राहिले आणि सुटले.

पामर यांना त्या वर्षी आपल्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती. १ मे १९२० रोजी देशात उठाव होणार असे भाकीत त्यांनी केले. पोलीस सज्ज झाले, वर्तमानपत्रांनी ते भाकीत छापले, आणि त्या दिवशी काहीच घडले नाही. तेव्हा त्याच वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडविली. उमेदवारी त्यांना मिळाली नाही. परंतु भाकीत करणारा पडला तरी भाकिताने मनात पेरलेली भीती मागे उरली.

मग १६ सप्टेंबर १९२० च्या भर दुपारी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोडागाडीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. ३८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत धनाढ्य बँकमालक नव्हते. बहुतांश कारकून, टंकलेखक, निरोप्ये अशी पोटासाठी राबणारी माणसे होती. गुन्हेगार कधीच न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. या घटनेनंतर सातच आठवड्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि वॉरन हार्डिंग यांना सुमारे साठ टक्के मते मिळाली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हार्डिंग बाँबमुळे निवडून आले असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. लोक युद्धाला, महागाईला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीला कंटाळले होते. दहशतीचा परिणाम एका निवडणुकीच्या निकालात शोधू गेल्यास तो सहसा सापडत नाही. तो हळूहळू मुरतो आणि पुढच्या कायद्यांतून वर येतो.

बातमी काय करते?

वर्तमानपत्रे खोटे छापत होती काय? काही वेळा, होय. परंतु माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. स्फोट झाला होता, माणसे मेली होती, संशयित इटालियन होते. हे सारे खरेच होते. या खऱ्या गोष्टी कोणत्या क्रमाने, कोणत्या विशेषणांसह आणि कशाच्या शेजारी मांडल्या गेल्या, यावर वाचकाचे मत ठरत होते.

अटकसत्र एका रात्रीत घडते, म्हणून त्याची मोठी बातमी होते. सुटका महिनोन्महिने एकेका फाईलमधून होत राहते, म्हणून तिला तेवढी जागा मिळत नाही. बाँब लावणारा इटालियन असला, तर त्याचे इटालियनपण मथळ्यात येते. दिवसभर भुयारी रेल्वेचे खोदकाम करून संध्याकाळी जपमाळ म्हणणाऱ्या लाखो इटालियनांची बातमी कधीच होत नाही. ज्या वाचकाने आयुष्यात एकाही इटालियन कुटुंबाच्या घरी पाऊल ठेवले नाही, त्याच्या मनात मग एकच इटालियन वस्तीला येतो.

या गोष्टीचा अभ्यास त्याच वेळी एका पत्रकाराने केला, हे विशेष. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी १९२० च्या ऑगस्टमध्ये एक प्रदीर्घ परीक्षण प्रसिद्ध केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तीन वर्षांतील हजारावर अंक त्यांनी रशियन क्रांतीच्या बातम्यांसाठी तपासले. बोल्शेविक राजवट कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या प्रतिष्ठित पत्राने तब्बल ९१ वेळा सांगितले होते! वार्ताहरांनी डोळ्यांपुढचे रशिया पाहिले नव्हते. आपल्याला जे घडावेसे वाटते आणि ज्याचे भय वाटते, ते पाहिले होते. दोन वर्षांनी लिपमन यांनी ‘पब्लिक ओपिनियन’ हा ग्रंथ लिहिला आणि छापखान्यातील एक शब्द समाजशास्त्राला दिला : स्टिरिओटाइप, म्हणजे ओतीव ठसा. एकदा ठसा ओतून तयार झाला, की तीच प्रतिमा हजारो कागदांवर उमटविता येते. मनाचेही तसेच असते.

साप्ताहिकांचा प्रभाव तर आणखी खोल होता. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’चा खप त्या काळी वीस लाखांच्या पुढे गेला होता. त्याच्या संपादकांनी केनेथ रॉबर्ट्स या लेखकाला युरोपात पाठविले. तेथून येऊ घातलेल्या दरिद्री गर्दीविषयी त्याने लेखमाला लिहिली. ही माणसे अमेरिकन वंशाचा दर्जा खालावतील, असा त्या लेखांचा सूर होता. बाँबची भीती आता वंशाच्या भीतीत विरघळली. बाँब विसरला गेला तरी चालणार होते, कारण ठसा तयार झाला होता.

मतपेटीतून निघालेले कायदे

१९ मे १९२१ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी पहिल्या कोटा कायद्यावर सही केली. विल्सन यांनी जाता जाता असाच कायदा सहीविना सोडून दिला होता. नव्या संसदेने तो तातडीने पुन्हा आणला. त्यानुसार इटलीसाठी वर्षाला सुमारे ४२ हजार जागा ठरल्या. १९२४ च्या कायद्याने एक चतुर युक्ती केली. कोटा ठरविण्यासाठी १९१० ऐवजी १८९० ची जनगणना धरली, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोकांची मोठी लाट १८९० नंतर आली होती. आता इटलीचा कोटा ३,८४५ वर आला. ब्रिटनसाठी ३४ हजार जागा राहिल्या. जो देश १९१४ साली एका वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक इटालियनांना आत घेत होता, तो आता वर्षाला चार हजारांनाही घेईना. सिनेटमध्ये या कायद्याविरुद्ध केवळ सहा मते पडली.

आपल्या हिंदुस्थानासाठी हे दार त्याआधीच, १९१७ च्या कायद्याने, बंद झाले होते. ते पुन्हा खऱ्या अर्थाने उघडले १९६५ साली. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांची मुले आज न्यू जर्सीत किंवा शिकागोत स्थिरावली आहेत, ती या १९६५ च्या दारातून आत गेली आहेत, हे त्यांनी आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

संशयाची मजल परदेशातून येणाऱ्यांपाशी थांबली नाही. तेथे जन्मलेल्या कॅथलिकांपर्यंत ती पोहोचली. नोव्हेंबर १९२२ मध्ये ऑरेगॉन राज्यात सार्वमत घेण्यात आले : आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कू क्लक्स क्लॅन या संघटनेने या प्रस्तावाचा जोरदार पुरस्कार केला. रोख उघडपणे कॅथलिक शाळांवर होता. सुमारे १ लाख १५ हजार मते बाजूने आणि १ लाख ३ हजार विरुद्ध पडली. म्हणजे मतपेटीने धर्मभगिनींच्या शाळांना टाळे ठोकले! येशू आणि मरिया यांच्या पवित्र नामाच्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या, आणि १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. मूल हे केवळ शासनाची निर्मिती नव्हे, आईबापांचा त्याच्यावर अधिकार आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित झाले.

१९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ हे मोठ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले पहिले कॅथलिक ठरले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना नदीखालून जोडणाऱ्या नव्या बोगद्यापाशी उभे असलेले त्यांचे छायाचित्र खेडोपाडी फिरविण्यात आले आणि हा बोगदा थेट व्हॅटिकनला जातो, असे सांगण्यात आले. आज आपल्याला हसू येते. परंतु छायाचित्र खरे, बोगदा खरा, माणूस खरा, आणि खोटे फक्त त्याखालचे वाक्य, ही अपप्रचाराची रीत आजही जुनी झालेली नाही. स्मिथ हरले. देशात त्या वेळी सुबत्ता होती आणि सत्ताधारी पक्षाला तिचा लाभ झाला, हेही खरे. पण त्यांचा धर्म त्यांना जड गेला, हे इतिहासकार नाकारीत नाहीत.

निकाल नेहमी तोच नसतो

म्हणजे दहशतीनंतर मतदार नेहमीच परक्याविरुद्ध मत देतो काय? तसा नियम नाही. ११ मार्च २००४ रोजी स्पेनच्या राजधानीत, माद्रिदमध्ये, सकाळच्या लोकलगाड्यांत दहा बाँब फुटले. १९० हून अधिक माणसे मरण पावली. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या माणसाला ती दृश्ये वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. तीनच दिवसांनी निवडणूक होती. सरकारने हा बास्क फुटीरतावाद्यांचा हल्ला असल्याचे ठासून सांगितले. पण पुरावे दुसरीकडे बोट दाखवू लागले. हल्लेखोरांत बहुसंख्य मोरोक्कोतून आलेले होते. मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी सरकार बदलले. आपल्याला पूर्ण सत्य सांगितले गेले नाही, याचा राग अनेकांच्या मनात होता. इतकेच नव्हे, पुढच्याच वर्षी, २००५ साली, नव्या सरकारने कागदपत्रांविना राहणाऱ्या पाच लाखांहून अधिक परदेशी कामगारांना रीतसर परवाने दिले. तेथील समाजाने हल्लेखोर आणि शेजारी यांत फरक केला.

याउलट २ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे, एका दांपत्याने १४ जणांना ठार केले. पत्नी पाकिस्तानातून आलेली होती. पतीचा जन्म मात्र शिकागोचा होता. चोल्गोशची आठवण व्हावी! पाचच दिवसांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणारे डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात प्रवेश बंद करावा अशी मागणी केली आणि ती दिवसेंदिवस वार्तावाहिन्यांवर गाजत राहिली. २०१६ ची निवडणूक त्यांनी जिंकली, त्याला इतरही पुष्कळ कारणे होती. त्या वेळी गोऱ्या कॅथलिकांपैकी बहुसंख्यांनी त्यांना मत दिले. त्यांतील अनेकांचे आजे-पणजे याच देशात एकेकाळी संशयित इटालियन, आयरिश, पोलिश म्हणून ओळखले जात होते. मत कोणाला द्यावे, हे मी सांगत नाही. स्मरणशक्ती किती आखूड असते, एवढेच नमूद करतो.

आपल्यासाठी काय?

भीती खोटी नसते. वॉल स्ट्रीटवर मेलेला कारकून खरा होता, माद्रिदच्या गाडीतली विद्यार्थिनी खरी होती. देशाच्या सीमांचे रक्षण करणे, येणाऱ्यावर योग्य अटी घालणे हा शासनाचा अधिकार ख्रिस्तसभेची शिकवणही मान्य करते. पण त्याच शिकवणीत, संपन्न देशांनी निर्वाहाच्या शोधात आलेल्या परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे, असेही सांगितले आहे. हे दोन्ही भार एकाच तराजूत तोलावे लागतात.

ख्रिस्तसभाही त्या परीक्षेत नेहमी उत्तीर्ण झाली, असे नाही. अमेरिकेतील आयरिश धर्मग्रामांत नव्याने आलेल्या इटालियनांना अनेक ठिकाणी चर्चच्या तळघरात मिस्सा ऐकावा लागे. वर आयरिश, खाली इटालियन. वेदी मात्र एकाच प्रभूची! अशा काळात संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी १८८९ साली न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांना चीनला जायचे होते. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना पूर्वेऐवजी पश्चिमेकडे धाडले. अनाथालये, शाळा, रुग्णालये उभारीत त्यांनी आपल्या लोकांची सेवा केली. वर्तमानपत्र ज्या वस्तीविषयी लिहीत होते, त्या वस्तीत त्या राहत होत्या. ठशाला उत्तर म्हणून त्यांनी लेख लिहिले नाहीत, माणसे दाखविली. १९५० साली त्यांना स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित करण्यात आले.

परदेशात कोठे हल्ला झाल्याची बातमी आली, की रविवारच्या मिस्सानंतर माझ्याशी दोन प्रकारची माणसे बोलतात. काहींची मुले तिकडे आहेत. त्यांच्या डोळ्यांत काळजी असते, की आता आपल्या सावळ्या मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील. काहीजण म्हणतात, “फादर, त्या लोकांना हाकलूनच द्यायला हवे.” पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच घरातून येतात. मी त्यांना दोष देत नाही. वर्तमानपत्र हातात असताना एवढेच विचारा, असे सुचवितो : हे कोणी केले, आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल केली जात आहे? दोन्ही उत्तरे एकच नसतील, तर मतपत्रिकेवर शिक्का मारण्यापूर्वी किंवा बटण दाबण्यापूर्वी हात क्षणभर थांबला पाहिजे.

अनुवादाच्या ग्रंथात मोशे इस्राएल लोकांना परक्यावर प्रेम करायला सांगतो. त्यासाठी तो दयेचे आवाहन करीत नाही. तो त्यांना आठवण करून देतो, की मिसर देशात ते स्वतःही परके होते. हेरोदाच्या सैनिकांपासून बाळाला वाचवीत योसेफ आणि मरिया त्याच देशाच्या सीमेवर पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळही दाखवायला काही नव्हते. १९१९ चा फिलाडेल्फिया आपल्याला दुसरे काही शिकवीत नाही. एके काळी बाँब आपल्याच चर्चवर पडला होता, आणि संशयही आपल्यावरच आला होता. ज्यांनी तो संशय सोसला, त्यांच्या वारसांनी तो दुसऱ्याच्या माथी मारताना दोनदा विचार करावा, एवढे ऋण आपण त्यांचे लागतो.